फुंकर मारून चालणारा इतिहास : घरी बनवलेल्या गेम कॅसेटची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं जातं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. बोलताना मी जिथे अडखळलो आणि जिथे मागून कुकरची शिट्टी आली, तेवढं काढून टाकलंय. बाकी सगळं तसंच आहे.

तर सुरुवात सांगलीला, मामाच्या माळ्यावरून. घराला रंग द्यायचा होता म्हणून मामीने माळा रिकामा करायला लावला. तुटका पाळणा, दिवाळीचे जुने आकाशकंदील, आणि त्यांच्या खाली एका बुटाच्या खोक्यात आमचा व्हिडिओ गेम. सोबत एक पिवळी कॅसेट. वरच्या स्टिकरवर मारिओ, रणगाडा, बंदूकवाला पैलवान, सगळे एकाच चित्रात, आणि मोठ्या आकड्यात लिहिलेलं : ९९९९९९९ इन १. मागच्या बाजूला बॉलपेनने मामेभावाचं, म्हणजे दादाचं नाव, आणि खाली दोन शब्द : 'परत दे'.

लहानपणी आम्हाला खरंच वाटायचं की आत नव्व्याण्णव लाख गेम आहेत. मेन्यू खाली खाली जातच राहायचा, मग का नाही वाटणार? या वेळी मात्र मी कॅसेट हातात धरून वेगळाच प्रश्न विचारला. ही बनवली कुणी? उलटसुलट करून पाहिली. कंपनीचं नाव नाही, देश नाही, साल नाही. काहीच नाही.

आजचा भाग त्या प्रश्नाच्या मागे लागून झाला. जगात काही लोक जुन्या गेमची कॅसेट घरी, स्वतःच्या हाताने पुन्हा तयार करतात. त्याला 'रिप्रॉडक्शन' किंवा नुसतं 'रिप्रो' म्हणतात. मला आधी वाटलं, हा परदेशी लोकांचा छंद. मग लक्षात आलं, आपलं अख्खं बालपणच रिप्रोवर गेलंय.

कॅसेट म्हणजे नक्की काय?

सुरुवातीच्या घरगुती व्हिडिओ गेममध्ये गेम यंत्रातच कायमचा बसवलेला असायचा. तो खेळून कंटाळा आला की यंत्र कपाटात. गेम वेगळा आणि यंत्र वेगळं, ही कल्पना बाजारात आणणारं पहिलं यंत्र म्हणजे अमेरिकेतलं 'फेअरचाइल्ड चॅनल एफ', साल १९७६. त्यामागच्या टीमचा प्रमुख होता जेरी लॉसन. सिलिकॉन व्हॅलीत त्या काळी कृष्णवर्णीय इंजिनिअर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि लॉसन त्यांच्यातला एक. कल्पनेचा पहिला नमुना दुसऱ्या एका छोट्या कंपनीत तयार झाला होता. लॉसनच्या टीमने तो असा घडवला, की लहान मुलाने दिवसातून पन्नास वेळा कॅसेट घातली-काढली तरी यंत्र जळू नये. पुढच्याच वर्षी अटारीचं यंत्र आलं आणि जग त्याच्या मागे गेलं. लॉसन २०११ मध्ये गेला. त्याचं नाव बहुतेकांना त्याच्या शेवटच्या काही वर्षांतच कळलं.

आता थोडं तांत्रिक, पण घाबरू नका. कॅसेट म्हणतो आपण, पण आत टेप नाही. आत एक छोटा सर्किट बोर्ड आणि त्यावर चिप. आमच्या माळ्यावरचं यंत्र ज्याची नक्कल होतं, त्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमचं उदाहरण घेऊ. ते जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला आलं. त्याच्या साध्या कॅसेटमध्ये दोन भाग असतात. एकात प्रोग्रॅम, जास्तीत जास्त ३२ किलोबाईट. दुसऱ्यात चित्रं, ८ किलोबाईट. झाले ४०. 'सुपर मारिओ ब्रदर्स' पूर्ण, सगळ्या किल्ल्यांसकट, या ४० किलोबाईटमध्ये बसतो. काकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला गुड मॉर्निंगचा फोटो याहून मोठा असतो!

कुलूप आणि किल्ली

निन्टेन्डोला धंद्याचं मर्म कळलेलं होतं. यंत्र विकून फार मिळत नाही, पैसा कॅसेटमध्ये आहे. म्हणून अमेरिकेत १९८५ पासून यंत्र विकताना त्यांनी आत एक कुलूप बसवलं. एक चिप यंत्रात, तिची जोडीदार कॅसेटमध्ये. दोघी एकमेकींशी सतत बोलत राहतात. उत्तर चुकलं की यंत्र दर सेकंदाला रीसेट होतं आणि लाल दिवा उघडझाप करत बसतो. बाहेरच्या कंपन्यांना कॅसेट निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यावी लागे, आणि वर्षाला पाचच गेम काढायची मुभा. अटारी गेम्स या कंपनीने तर खोटं कारण सांगून अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून त्या कुलपाच्या प्रोग्रॅमची प्रत मिळवली, आणि त्यावरून १९९२ मध्ये कोर्टात तोंडावर आपटली.

पण गंमत बघा. जपानच्या मूळ फॅमिकॉममध्ये हे कुलूपच नव्हतं. त्याची नक्कल करणाऱ्याला फक्त ६० पिनांची कॅसेट बसणारं यंत्र बनवायचं होतं. तैवानमध्ये आणि पुढे चीनमध्ये ते धडाक्यात सुरू झालं. रशियात १९९२ पासून अशी यंत्रं 'डेंडी' नावाने विकली गेली, पोलंडमध्ये 'पेगासस' नावाने, आणि आपल्याकडे 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशा नावांनी. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळची दुकानं, आणि सांगलीसारख्या गावात घड्याळं-रेडिओ विकणारा एखादा दुकानदार. आमचं यंत्र तसंच आलेलं.

म्हणजे आमच्या पिढीच्या बहुतेक पोरांनी अस्सल फॅमिकॉम कधी पाहिलाच नाही. यंत्र नकली, कॅसेट नकली. पण मे महिन्याच्या सुट्टीतली भांडणं अस्सल होती, आणि अंगठ्याला आलेले फोडसुद्धा.

एकच कॅसेट घरी कशी बनते?

अस्सल कॅसेटमध्ये मास्क रॉम नावाची चिप असते. चिप बनतानाच माहिती तिच्यात कोरली जाते, नंतर बदलता येत नाही. हजारोंच्या संख्येने बनवायची असेल तर स्वस्त. एकच हवी असेल तर अशक्य.

मग घरगुती माणसाने काय करायचं? त्याचं उत्तर गेमच्या दुनियेबाहेरून आलं. १९७१ मध्ये इंटेलमधल्या डॉव फ्रोमन या इंजिनिअरने ईप्रॉम नावाची चिप तयार केली. तिच्यात माहिती अडकवलेल्या विद्युतभाराच्या रूपात राहते. चिपच्या पाठीवर क्वार्ट्झची एक छोटी गोल खिडकी असते. त्यातून अतिनील प्रकाश आत सोडला की पंधरा-वीस मिनिटांत चिप कोरी, पुन्हा लिहायला तयार. खडू-फळाच समजा, फक्त डस्टरऐवजी दिवा.

गेम कंपन्या स्वतःसुद्धा हेच वापरायच्या. गेम तयार होत असताना चाचणीसाठी, मासिकांना पाठवण्यासाठी ज्या कॅसेट बनायच्या, त्यांत ईप्रॉम असायच्या. म्हणजे घरी रिप्रो बनवणारा माणूस काही नवीन करत नाही. कंपनीच्या इंजिनिअरने टेबलावर जे केलं तेच तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर करतो.

आणि पुन्हा लिहिता येणारा गेम ही काही चोरांचीच कल्पना नव्हे. निन्टेन्डोने १९८६ मध्ये जपानमध्ये फॅमिकॉमला जोडायची फ्लॉपी डिस्क आणली. दुकानात यंत्र ठेवलेलं असे. ५०० येन द्या, जुना गेम पुसून नवा लिहून घ्या. १९९७ मध्ये पुन्हा तशीच सोय, या वेळी कॅसेटवर, आणि दुकानांच्या साखळीचं नाव काय? लॉसन! आपल्या जेरी लॉसनशी काहीही संबंध नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

हरवलेले गेम

आता मुद्द्याचं. एवढा खटाटोप कशाला? मोबाईलवर एमुलेटर आहे, दोन मिनिटांत मारिओ सुरू होतो.

'मदर' नावाचा जपानी गेम १९८९ मध्ये आला. त्याचं इंग्रजी भाषांतर पूर्ण झालं, आणि मग कंपनीने तो अमेरिकेत काढलाच नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याची एक चाचणी-कॅसेट हौशी लोकांच्या हाती लागली. त्यांनी आतली माहिती उतरवून घेतली. चाहत्यांनी तिच्या घरगुती कॅसेट बनवल्या, स्टिकर छापले, खोकी बनवली. निन्टेन्डोने तो गेम इंग्रजीत अधिकृतपणे काढला २०१५ मध्ये. मधली सगळी वर्षं तो कंपनीने नाही, हौशी लोकांनी जिवंत ठेवला. 'स्टार फॉक्स २' चंही तसंच. नव्वदच्या दशकात तयार होऊन रद्द झालेला गेम, अधिकृतपणे आला २०१७ मध्ये. तोवर लोकांच्या कपाटात त्याच्या घरगुती कॅसेट होत्या.

आणि इथे घड्याळ टिकटिकतंय. त्या चाचणी-कॅसेट ईप्रॉमवर आहेत, आणि ईप्रॉममधला भार वर्षांनुवर्षं हळूहळू झिरपतो. खिडकीवरचा स्टिकर निघाला आणि चिप थेट उन्हात राहिली, तर आठवडाभरात ती कोरी होऊ शकते. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास केला. २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात कायदेशीरपणे मिळतच नाहीत. ही त्या देशाची स्थिती, जिथे संग्रहालयं आहेत आणि लोक हिशेब ठेवतात. आपल्या माळ्यावरच्या पिवळ्या कॅसेटचा हिशेब कोण ठेवतंय?

तीन शनिवार-रविवार

मग म्हटलं, आपणच ठेवू.

कॅसेट उघडली. अस्सल कॅसेटमध्ये दिसतात तशा चिपा नाहीतच. हिरव्या बोर्डवर डांबरासारखा काळा ठिपका. चिप थेट बोर्डवर चिकटवून वरून इपॉक्सी ओतलेलं. स्वस्तात बनवायची रीत ती, आणि नावगाव लपवायलाही सोयीची.

सुदैवाने तो ठिपका फोडावा लागत नाही. कॅसेट वाचणारं एक छोटं यंत्र मिळतं. एका बाजूला कॅसेट, दुसऱ्या बाजूला यूएसबी. ते कॅसेटला एकेक पत्ता विचारतं : या घरात कोण राहतं? त्या घरात कोण? आणि येईल ते उत्तर लिहून घेतं.

पहिल्या वेळी कचरा आला. दुसऱ्या वेळी वेगळाच कचरा. पिना काळ्या पडल्या होत्या. लहानपणी आपण सगळे कॅसेटमध्ये फुंकर मारायचो ना? ती फुंकर उपयोगाची नव्हती मंडळी. कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे चालायची. फुंकरेतली वाफ उलट पिना गंजवायची. म्हणजे ती कॅसेट मरायला टेकली होती, त्यात माझा वाटा होता. खोडरबर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने हळूहळू साफ केलं, आणि सलग तीन वेळा वाचल्यावर तिन्ही उत्तरं अक्षर न अक्षर जुळली, तेव्हाच विश्वास ठेवला.

पुढची अडचण मेन्यूची. मेन्यूत गेम निवडला की कॅसेटमधलं एक सर्किट यंत्राला वेगळ्या कप्प्यासमोर नेऊन उभं करतं. कुठला आकडा दिल्यावर कुठला कप्पा उघडतो, याचा कागद कुठेच नाही. एकेक आकडा देऊन पाहत बसलो. तिसऱ्या रविवारी रात्री हिशेब लागला. नव्व्याण्णव लाखांतून वेगळे गेम निघाले सात. सात! बाकी तीच नावं पुन्हा पुन्हा.

पण त्या सातांत आमचा मारिओ होता. 'आमचा' का म्हणतोय? मूळ गेमच्या पहिल्या पडद्यावर १९८५ हे साल आणि निन्टेन्डोचं नाव असतं. आमच्यात ती ओळ कोरी आहे. कुणीतरी बसून ती पुसली होती. लहानपणी मी तो पडदा हजार वेळा पाहिला असेल, आणि तिथे काहीतरी असायला हवं हे मला कधी कळलंच नाही. कॅसेटवर बनवणाऱ्याचं नाव नाही. पण ती पुसलेली ओळ ही त्याच्याच हाताची खूण. मोबाईलवर मिळणाऱ्या मारिओत ती नाही.

मग कॅसेट बनवायला घेतली. ६० पिनांचा कोरा बोर्ड. प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाईटची ईप्रॉम, चित्रांसाठी ८ ची. संगणकावर गेमची फाइल एकच असते आणि तिच्या सुरुवातीला १६ बाइटची चिठ्ठी असते. ती काढून टाकायची, उरलेल्याचे दोन तुकडे करायचे, प्रोग्रॅमरवर दोन चिपा लिहायच्या, सोल्डर करायचं आणि खिडक्यांवर स्टिकर लावायचे.

चालू केलं. मारिओ आला! धावायला लागला, आणि पुढचा रस्ता आत्ताच्याच रस्त्यावर उमटायला लागला. पाइपावर ढग, ढगात विटा. दोन तास चिपा काढ-घाल केली, आणि चूक निघाली एका सोल्डरच्या थेंबात. फॅमिकॉममध्ये पडद्यासाठी मेमरी फक्त २ किलोबाईट, म्हणजे जेमतेम दोन पडदे मावतील एवढी. ते दोन पडदे शेजारी-शेजारी ठेवायचे की वर-खाली, हे यंत्र नाही, कॅसेट ठरवते. त्यासाठी बोर्डवर एच आणि व्ही अशा दोन जागा असतात. मारिओ आडवा पळतो, म्हणून मी एच जोडलं. हवं होतं व्ही! माझ्या बोर्डवरची ती अक्षरं पडदे कसे ठेवलेत ते सांगत नाहीत, प्रतिबिंब कोणत्या दिशेला पडतं ते सांगतात. जगात ही चूक करणारा मी पहिला नाही, एवढंच समाधान.

मग हे बरोबर की चूक?

इथे मी गुळमुळीत बोलणार नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ पासून संगणक प्रोग्रॅमही येतात. ज्याच्याकडे कायदेशीर प्रत आहे त्याला नुकसानीपासून बचाव म्हणून राखीव प्रत करता येते. पण दादाची कॅसेट मुळातच चोरीची. म्हणजे मी केलं ते नकलेची नक्कल, आणि त्या कलमाचा आडोसा मला मिळत नाही. म्हणून माझी कॅसेट एकच आहे, विक्रीला नाही, आणि फाइल मी कुणाला देत नाही. कृपया मागू नका.

बाजारात जे चालतं ते तर आणखी वाईट. रिप्रोला अस्सल म्हणून विकणं ही सरळ फसवणूक. जुन्या पोकेमॉन कॅसेटच्या बाबतीत हे इतकं चालतं, की विकत घेण्याआधी आतला बोर्ड पाहायला मागावा. काळा ठिपका दिसला की समजून जा. दुसरं, स्वस्त रिप्रोत ३.३ व्होल्टची चिप ५ व्होल्टच्या यंत्राला थेट जोडतात, मधे काही न घालता. त्यात जुनं यंत्रही खराब होऊ शकतं. आणि तिसरं, मला सगळ्यात खटकणारं, म्हणजे बोर्ड मिळावा म्हणून चांगल्या अस्सल कॅसेट फोडणं. एक इतिहास वाचवायला दुसरा मारायचा?

चांगला रस्ताही आहे. आजही लोक या यंत्रांसाठी नवे गेम लिहितात आणि कॅसेटवर विकतात. २०१९ मधला 'मायक्रो मेजेस' बघा, तोही बरोबर ४० किलोबाईटमध्ये बसवलेला. हात साफ करायचा असेल तर स्वतःचा छोटा गेम लिहा आणि तो चिपवर उतरवा. तिथे कुणाचं काही लुटलं जात नाही.

तरीही ती पुसलेली ओळ माझ्या डोक्यातून जात नाही. गेमचा इतिहास कंपन्यांच्या नावांनी लिहिला जातो. आमच्या पिढीचा इतिहास ज्या वस्तूंवर आहे, त्यांवर नावच नाही. त्या बेकायदा होत्या म्हणून कुठल्या संग्रहालयात जाणार नाहीत, आणि स्वस्त होत्या म्हणून भंगारात जातील. पण आम्ही मारिओ शिकलो तो त्यांच्यावरच. जे चोरीचं होतं तेही घडलेलं होतं, आणि घडलेल्याची नोंद राहायला हवी. कायदा मोडून विकायला नाही, फक्त नोंद म्हणून.

गेल्या महिन्यात दादा पुण्याहून आला. मी नवी कॅसेट त्याच्या हातात ठेवली. म्हणालो, "दादा, घे. परत दे लिहिलं होतंस ना?" त्याने ती उलटी केली, पिना तोंडाजवळ नेल्या, आणि मी "अरे नको, थांब" म्हणेपर्यंत जोरात फुंकर मारली.

असो. तुमच्या माळ्यावर अशी कॅसेट असेल तर तीन गोष्टी करा. फेकू नका. फुंकू नका. आणि स्टिकरचे, आतल्या बोर्डचे फोटो काढून ठेवा, कुठून आणि कधी घेतली ते घरात विचारून लिहून ठेवा. विचारायला माणसं आहेत तोवरच.

पुढच्या भागात भेटू. तोवर ऐकत राहा, वाचत राहा.